टॅब स्टॉप: टर्मिनलवरच्या आठ कॉलमांची पार्श्वभूमी

टॅब म्हणजे आठ स्पेस, असं सर्रास सांगितलं जातं. ते बरोबर नाही. टॅब हे एकच अक्षर आहे, आस्की या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणातला ९ क्रमांकाचा कोड, आणि त्याचा अर्थ एवढाच की पुढच्या थांब्यावर जा. थांबा कुठे आहे ते त्या अक्षरात लिहिलेलं नसतं. ते लक्षात ठेवायचं काम अक्षर स्वीकारणाऱ्या यंत्राचं, म्हणजे टर्मिनलचं (संगणकाशी मजकुरातून बोलायचं यंत्र, आता स्क्रीनवरची एक खिडकी). टॅबमुळे स्क्रीनवर जे घोळ होतात त्यातले बहुतेक इथूनच सुरू होतात: पाठवणारा एक हिशोब धरतो, दाखवणारा दुसरा.

ही वाटणी टाइपरायटरच्या काळची. टंकलेखन शिकताना ज्यांनी तक्ते टाइप केले त्यांच्या बोटांना ती ठाऊक असते. आधीचे थांबे काढून टाकायचे, कॅरेज हव्या त्या जागी न्यायची, टॅब सेटची कळ दाबायची, मग पुढची जागा. प्रत्येक थांबा म्हणजे यंत्राच्या मागच्या पट्टीवरचा धातूचा एक छोटा दात. टॅब दाबला की कॅरेज मोकळी सुटते आणि पहिल्या दातावर अडते. रकाना किती रुंद ठेवायचा हे टाइप करणारा ठरवतो आणि यंत्र ते धरून ठेवतं.

१९६३ साली आस्की आलं तेव्हा ही कळ कोड झाली. इंग्रजी वर्णमालेत आय हे नववं अक्षर, म्हणून कंट्रोल आणि आय दाबलं तरी टॅबच जातो. आजही साध्या टर्मिनलला या दोन्हींत फरक कळत नाही.

अडचण अशी की युनिक्स या संगणक प्रणालीच्या सुरुवातीच्या दिवसांत सर्रास वापरलं जाणारं टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र टॅब जाणतच नव्हतं. त्याची गती ११० बॉड, म्हणजे सेकंदाला १० अक्षरं. आठ स्पेस छापायला ०.८ सेकंद लागायचं. मॉडेल ३७ सारखी पुढची यंत्रं टॅब पाळायची, पण डोकं सरकायला वेळ घ्यायची, आणि तेवढ्यात पुढचं अक्षर आलं तर ते भलत्याच जागी उमटायचं. दोन्हींची तजवीज टर्मिनलच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टर्मिनलशी बोलणाऱ्या संगणकातल्या प्रोग्राममध्ये झाली. टॅबनंतर किती थांबायचं याचे प्रकार ठरले. सिस्टिम फाइव्ह या युनिक्सच्या आवृत्तीत टॅब१ म्हणजे कॉलम पाहून थांबा, टॅब२ म्हणजे साधारण ०.१० सेकंद थांबा, आणि टॅब३ म्हणजे थांबण्याच्या भानगडीत पडू नका, टॅबच्या जागी सरळ स्पेस पाठवा. टर्मिनलच्या सेटिंग दाखवणाऱ्या एसटीटीवाय (stty) कमांडला वजा-ए (-a) देऊन पाहिलं तर लिनक्सवर आजही टॅब० (थांबू नका, टॅब तसाच पाठवा) असा शब्द दिसतो. तो त्याच जमान्यातला.

टॅबचे स्पेस करायचे तर ड्रायव्हरला थांबे माहीत हवेत, आणि टर्मिनलला ते विचारायची सोय नव्हती. म्हणून आकडा गृहीत धरला गेला: आठ. हिशोबाला तो फार सोयीचा. कॉलमचे खालचे तीन बिट काढले आणि आठातून वजा केले की किती स्पेस द्यायचे ते मिळतं, भागाकार करावाच लागत नाही. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे हा ड्रायव्हर ज्यात असतो त्या प्रणालीच्या गाभ्यात, हा आठ अजून तसाच कोरलेला आहे आणि तो बदलायची सेटिंग नाही.

दुसरीकडे, ज्या टर्मिनलांना थांबे लावता येत होते ती सगळी आठवर चालत नव्हती. त्यांच्यासाठी टॅब्स ही कमांड आली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतल्या युनिक्समध्ये ती अगदी साधी होती. सिस्टिम फाइव्हमधल्या तिच्या रूपात प्रोग्रामिंगच्या भाषांचे तयार साचे होते, आणि ते पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या सामायिक प्रमाणातही गेले. वजा-एफ दिलं की फोरट्रानचे थांबे लागतात: १, ७, ११, १५, १९, २३. वजा-सी म्हणजे कोबोल: १, ८, १२, १६, २०, ५५. हे आकडे आले ८० कॉलमांच्या पंच कार्डावरून. फोरट्रानमध्ये १ ते ५ हे लेबलचे कॉलम, ६ वा ओळ पुढे चालू असल्याची खूण, विधान सुरू होतं ते ७ पासून. कोबोलमध्ये १ ते ६ अनुक्रमांक, ७ वा खुणेचा, ८ पासून अ विभाग आणि १२ पासून ब विभाग. म्हणजे कोबोलवाला एकदा टॅब दाबून विभागाच्या मथळ्यावर जाई आणि दोनदा दाबून वाक्यावर. आयबीएमचं असेंब्लर, पीएल-वन, स्नोबॉल, युनिव्हॅक ११०० यांचेही साचे आहेत. आज ते कोणी वापरत असेल असं वाटत नाही, पण बहुतेक लिनक्सवर ते बसवलेले सापडतात.

स्क्रीन आल्यावर चित्र बदललं, तेही सगळीकडे एकदम नाही. डेक या कंपनीच्या व्हीटी५२ या टर्मिनलवर थांबे दर आठ कॉलमांना पक्के होते, हलवता येत नव्हते. १९७८ च्या व्हीटी१०० वर ते हलवता आले. सेट-अपची कळ दाबली की स्क्रीनच्या तळाशी मोजपट्टी येई आणि जिथे जिथे थांबा तिथे टी हे अक्षर दिसे. कर्सर हव्या त्या कॉलमवर नेऊन २ दाबलं की थांबा लागे, परत दाबलं की निघे. ३ दाबलं की सगळे साफ. शिफ्ट आणि एस दाबून मांडणी जपून ठेवली की मशीन बंद केल्यावरही थांबे जात नसत. दातांची पट्टीच होती ती, फक्त काचेमागे गेलेली.

हेच काम दुरून करायचे संकेतही होते. डायब्लो १६२० सारखी छापणारी यंत्रं एस्केप आणि १ आलं की असतील त्या जागी थांबा लावत आणि एस्केप आणि २ आलं की सगळे काढत. एक्मा-४८ या प्रमाणाने यासाठी वेगळे संकेत दिले आणि व्हीटी१०० ने ते घेतले: एस्केप आणि मोठा एच आला की थांबा लागतो. एस्केप, उघडा चौकोनी कंस, ३ आणि छोटा जी आला की सगळे निघतात. ३ च्या जागी ० असेल तर फक्त कर्सरखालचा निघतो. आजचे टर्मिनल प्रोग्रामही हेच ओळखतात, आणि टॅब्स कमांड अजून टंकलेखकाच्याच क्रमाने चालते. वजा-४ देऊन तिचं आउटपुट कॅट वजा-व्ही (न दिसणारे कोड दाखवणारी कमांड) मधून पाहा: आधी सगळे काढायचा संकेत, मग चार स्पेस आणि थांबा, चार स्पेस आणि थांबा, असं ओळीच्या शेवटापर्यंत.

आता दोन हिशोब एकमेकांना कसे छेद देतात ते लिनक्सवर करून पाहता येतं. टॅब्स वजा-४ चालवा आणि मग कुठलीही फाइल न देता नुसतं कॅट सुरू करा. ए आणि बी टाइप करा, टॅब दाबा. कर्सर तिसऱ्या कॉलमवरून पाचव्यावर जातो, म्हणजे दोनच कॉलम. आता बॅकस्पेस दाबा. कर्नेलच्या लेखी टॅबने तिसऱ्या कॉलमपासून आठव्यापर्यंत सहा कॉलम खाल्ले, म्हणून तो कर्सरला सहा पावलं मागे घेतो. मागे चारच जागा आहेत, म्हणून कर्सर डाव्या कडेला अडून ए वर उभा राहतो. आता सी टाइप केलं तर स्क्रीनवर सीबी दिसतं, पण एंटर दाबल्यावर कॅट परत छापतं ते एबीसी. यात चूक कॅटची नाही आणि टर्मिनलचीही नाही.

टॅब्स वजा-४ देऊनही काहीच बदललं नाही, ही दुसरी नेहमीची तक्रार. एसटीटीवायमध्ये टॅब० ऐवजी टॅब३ असेल तर टर्मिनलपर्यंत टॅब पोचतच नाही, वाटेतच आठच्या हिशोबाने त्याचे स्पेस होतात. तिथे टॅब० असेल तर बहुधा मजकूर लेस या पानापानाने दाखवणाऱ्या प्रोग्राममधून दिसतो आहे. लेस टॅबचे स्पेस स्वतःच करतं, टर्मिनलच्या थांब्यांशी त्याला देणंघेणं नाही. तिथे वजा-एक्स४ द्यावं लागतं. गिट या कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रोग्रामच्या डिफमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, प्रत्येक ओळीआधी अधिक किंवा वजा चिन्हाचा एक कॉलम जातो आणि पहिला टॅब एक कॉलमने आखूड दिसतो. गिटच्या पेजरला, म्हणजे बहुधा लेसलाच, वजा-एक्स१,५ दिलं की थांबे १, ५, ९ असे सरकतात आणि इंडेंट जागेवर येतं.

देवनागरी तक्त्यांना थांब्यांची ही जुनी सोय अजून खरोखर उपयोगी पडते. बॅश या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममधल्या, मजकूर छापणाऱ्या प्रिंटएफला २० रुंदीचा रकाना मागितला तर तो बाइट मोजतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोड ३ बाइटांचा. पुणे या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा मिळून १२ बाइट होतात, म्हणून तो ८ च स्पेस जोडतो. नाशिकचे १५ बाइट, स्पेस ५. स्क्रीनवर हे शब्द कितीतरी कमी जागा घेतात, त्यामुळे रकाना वाकडातिकडा होतो. त्याऐवजी आधी टॅब्स १,२१,३१ द्या आणि प्रिंटएफमध्ये शब्दांच्या मधे नुसता टॅब ठेवा. कुठल्या अक्षराला किती जागा दिली हे टर्मिनललाच ठाऊक असतं आणि थांबाही त्याच्याकडेच असतो, त्यामुळे शब्द रकान्यात मावतो तोवर पुढचा रकाना २१ व्या कॉलमवरच सुरू होतो. काम झालं की टॅब्स वजा-८ द्या, नाहीतर कर्सर हलवायला टॅब वापरणारे पूर्ण स्क्रीनचे प्रोग्राम आठ गृहीत धरून भलतीकडे लिहू शकतात. तोच तक्ता लेसमधून पाहायचा असेल तर आकडे वजा-एक्स२०,३० असे एकाने कमी द्या, कारण टॅब्सचे कॉलम १ पासून सुरू होतात आणि लेसचे ० पासून.