डिस्क प्लेयरच्या मेनूतले शब्द आले कुठून?

सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो. माणसाच्या कानाला जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि नमुने त्याच्या दुपटीहून जास्त घ्यावे लागतात, हे गणित ठीक आहे. पण मग ४२ हजार किंवा ४५ हजार का नाही? याचं उत्तर व्हिडिओ टेपमध्ये आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस इतका मोठा डिजिटल डेटा परवडेल अशा खर्चात साठवायचा तर व्हिडिओ रेकॉर्डर हाताशी होता. म्हणून आवाजाचे आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत बदलून, जणू ते चित्रच आहे असं भासवून टेपवर उतरवत. अमेरिका-जपानच्या कृष्णधवल पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड (म्हणजे अर्धी चित्रं), प्रत्येक फील्डमध्ये वापरायला २४५ रेषा आणि एका रेषेवर ३ नमुने : ६० × २४५ × ३ म्हणजे ४४,१००. युरोपात फील्ड ५०, रेषा २९४, नमुने तेच ३. उत्तर पुन्हा ४४,१००. दोन्ही पद्धतींत बिनबोभाट बसणारा हा आकडा फिलिप्स आणि सोनीने सीडीसाठी घेतला. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये पहिला सीडी प्लेयर बाजारात आला, तेव्हापासून तो आपल्यासोबत आहे. टेप केव्हाच गेल्या.

डिस्क प्लेयरच्या सेटिंगमधले बहुतेक शब्द असेच घडलेत. कुठल्या तरी काळात यंत्राची एखादी मर्यादा होती किंवा कंपन्यांमध्ये काही करार झाला. ती वेळ सरली आणि पर्याय मेनूत तसाच राहिला. मॅन्युअलमध्ये प्रत्येक पर्यायापुढे एका ओळीचं स्पष्टीकरण असतं, पण हा पर्याय मुळात ठेवावा का लागला ते नसतं. ते कळलं की निम्म्या सेटिंग आपोआप सुटतात.

आवाजाच्या मेनूत पहिला प्रश्न असतो : पीसीएम की बिटस्ट्रीम? पीसीएम सीडीपेक्षा कितीतरी जुनं आहे. अ‍ॅलेक रीव्ह्ज या ब्रिटिश इंजिनिअरने ते १९३७ मध्ये पॅरिसमध्ये, टेलिफोनच्या कामासाठी शोधलं. लांबच्या तारेवर दर टप्प्याला खरखर वाढत जायची; आवाजाऐवजी आकडेच पाठवले तर खरखर मागे राहील, ही त्याची कल्पना. तेव्हाच्या व्हॉल्व्हवर ती स्वस्तात जमणारी नव्हती, ट्रान्झिस्टर आल्यावर जमली. म्हणजे पीसीएम हा सरळ मोजून लिहिलेला, न आवळलेला (डेटा दाबून लहान न केलेला) आवाज.

बिटस्ट्रीमचा, म्हणजे आवळलेला आवाज तसाच पुढे पाठवायचा पर्याय मात्र सिनेमाच्या फिल्ममुळे जन्माला आला. १९९२ मध्ये डॉल्बीने थिएटरसाठी डिजिटल आवाज आणला, तेव्हा तो ठेवायला जागा कुठे होती? फिल्मच्या कडेला असलेल्या दात्यांच्या भोकांच्या मधल्या चिमुकल्या चौकोनात. तिथे सहा चॅनेल कोंबायचे म्हणजे आवाज प्रचंड आवळणं भाग होतं. पुढच्याच वर्षी आलेल्या डीटीएस या प्रतिस्पर्ध्याने वेगळी वाट धरली. त्यांनी फिल्मवर फक्त वेळेच्या खुणा छापल्या आणि आवाज स्वतंत्र सीडी-रॉमवर दिला. जागा जास्त, म्हणून आवळणं कमी. घरच्या रिसीव्हरवर (स्पीकर चालवणाऱ्या संचावर) आजही शेजारी शेजारी दिसणारे हे दोन लोगो थिएटरमधल्या त्या स्पर्धेतून आलेत.

घरी हा आवाज न्यायला तार होती ती सोनी आणि फिलिप्सने सीडीच्या काळात बनवलेली एसपीडीआयएफ. तिचाच प्रकाशावर चालणारा अवतार तोशिबाने १९८३ मध्ये आणला. मागच्या बाजूला लाल उजेड दिसतो तो ऑप्टिकल सॉकेट. ही तार दोन चॅनेल पीसीएमसाठी आखलेली. सहा चॅनेलचं पीसीएम तिच्यातून जात नाही, पण आवळलेली डॉल्बी किंवा डीटीएसची गाठोडी आरामात जातात. म्हणून प्लेयर विचारतो : गाठोडी मी सोडू (म्हणजे उलगडू) आणि दोन चॅनेल पीसीएम देऊ, की न सोडता रिसीव्हरकडे पाठवू? त्या काळी प्रश्न अगदी योग्य होता. चित्र आणि आवाज दोन्ही नेणाऱ्या एचडीएमआय तारेमधून मात्र आठ चॅनेलचं पीसीएम सहज जातं. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे ब्लू-रेवरचे प्रकार काहीही न गमावता आवळलेले असतात. ते प्लेयरने सोडले काय आणि रिसीव्हरने सोडले काय, बाहेर येणारे आकडे तेच. बिटस्ट्रीम निवडलं की रिसीव्हरवर लोगोचा दिवा लागतो आणि आवाज सुधारल्यासारखा वाटतो. हा समज इतका पसरलेला आहे की त्याबद्दल स्पष्ट बोललंच पाहिजे : डॉल्बी अ‍ॅटमॉस आणि डीटीएस:एक्स हे बिटस्ट्रीमच लागणारे प्रकार सोडले, तर एचडीएमआयवर या दोन पर्यायांत दर्जाचा फरक नाही.

फरक पडतो तो दुसऱ्याच एका सेटिंगने, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. ब्लू-रेवर मेनूतले टिकटिक आवाज आणि चित्रपट चालू असताना दिग्दर्शकाचं छोट्या चौकटीतलं निवेदन वेगळ्या ट्रॅकवर असतं. ते मूळ आवाजात मिसळायचं तर गाठोडी सोडावीच लागतात. हे मिक्स ऑन ठेवून बिटस्ट्रीम निवडलं, तर अनेक प्लेयर आवाज सोडतात, टिकटिक मिसळतात आणि पुन्हा साध्या डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये आवळून बाहेर पाठवतात. म्हणजे एका टिकटिकीसाठी ट्रूएचडी हातचं जातं. बिटस्ट्रीम हवं असेल तर मिक्स ऑफ ठेवावं.

चित्राच्या बाजूला सगळ्यात जुना वारसा ४८०आय, १०८०आय यांतल्या ‘आय’चा. १९३०च्या दशकात टीव्ही घडत होता तेव्हा पेच असा होता की सेकंदाला २५-३० पूर्ण चित्रं दाखवली तर पडदा लुकलुकतो, आणि ५०-६० पाठवायची तर तेवढी लहरींची जागा नाही. तोड निघाली ती एका फेरीत विषम रेषा, दुसऱ्या फेरीत सम रेषा पाठवण्याची. डोळ्याला ६० झटके मिळतात, जागा मात्र ३० चित्रांचीच लागते. काचेच्या जुन्या नळीवर हे सुरेख चालायचं. सपाट पडद्याला सगळ्या रेषा एकदम लागतात, म्हणून दोन अर्धी चित्रं पुन्हा जोडावी लागतात. ते काम नीट झालं नाही की हलत्या वस्तूच्या कडा कंगव्यासारख्या दिसतात. ‘पी’ म्हणजे प्रोग्रेसिव्ह, सगळ्या रेषा एकाच फेरीत.

यात चित्रपटाचा पेच वेगळाच. बोलपट आल्यावर फिल्मचा वेग सेकंदाला २४ चौकटी असा पक्का झाला. ६० फील्डमध्ये २४ चौकटी बसवायच्या कशा? एक चौकट दोन फील्डभर दाखवायची, पुढची तीन, मग दोन, मग तीन. बेरीज बरोबर येते, पण एक चौकट पडद्यावर जास्त वेळ राहते आणि दुसरी कमी. कॅमेरा संथपणे आडवा फिरत असेल तेव्हा, विशेषतः मागे इमारतीचे खांब असतील तर, हा हिसका स्पष्ट दिसतो. एकदा दिसला की दर वेळी दिसतो. प्लेयरमधला २४पीचा पर्याय याच दुखण्यावर आहे. ब्लू-रेवर चित्रपट बहुधा २४ चौकटींतच साठवलेला असतो. टीव्ही तो वेग घेत असेल तर हा पर्याय सुरू ठेवावा, यात दुमत असायचं कारण नाही. टीव्ही त्या वेळी २३.९७६ असा आकडा दाखवत असेल तर तो १९५३च्या अमेरिकन रंगीत टीव्हीचा वारसा. रंगाची लहर आवाजाच्या लहरीत घुसू नये म्हणून ६० चा वेग किंचित कमी करून ५९.९४ केला गेला, आणि त्याच्या मागोमाग २४ सुद्धा घसरला.

रंगाच्या मेनूतले वायसीबीसीआर आणि आरजीबी हेही त्याच काळातले. रंगीत प्रक्षेपण जुन्या कृष्णधवल संचांवरही दिसावं म्हणून उजेड एका वाटेने आणि रंग दुसऱ्या वाटेने पाठवायची पद्धत पडली; वायसीबीसीआर ते हेच. डिस्कवर आजही तसंच असतं, आणि डोळा रंगाचे बारकावे कमी टिपतो म्हणून रंगाचा तपशील उजेडाच्या चौथाईच ठेवलेला असतो. आरजीबीची (लाल, हिरवा, निळा यांचे वेगळे आकडे) परंपरा कॉम्प्युटरची. तिथे काळा ० वर आणि पांढरा २५५ वर. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर, कारण १९८२च्या डिजिटल व्हिडिओ मानकाने ॲनालॉग सिग्नलच्या चढउताराला वर-खाली जागा सोडली होती. एचडीएमआय ही कॉम्प्युटरच्या डीव्हीआय जोडणीवर उभी राहिली आणि या दोन परंपरा एकाच तारेत आल्या. प्लेयर एक भाषा बोलतो आणि टीव्ही दुसरी समजतो असं झालं की काळा रंग राखाडी पडतो, नाहीतर अंधारातले तपशील काळ्यात बुडतात. लोक मग ब्राइटनेस वर-खाली करत बसतात. दोन्हीकडे रेंज एकच ठेवली की प्रश्न मिटतो.

१६:९ चा किस्सा छोटा आहे. १९८०च्या दशकात अमेरिकन अभियंत्यांच्या संघटनेत कर्न्स पॉवर्स यांनी प्रचलित आकाराच्या सगळ्या चौकटी एकमेकींवर ठेवून पाहिल्या, आणि सगळ्यांना सांभाळणारा मधला आकार निघाला तो हा. रुंद चित्रपटाला वर-खाली आणि जुन्या ४:३ चित्राला बाजूंना काळे पट्टे येतात ते याच तडजोडीमुळे; त्यात काही बिघडलेलं नसतं. ते घालवायला चित्र ताणू नये एवढंच.

यानंतरचे काही शब्द नकलेच्या आणि बाजार हातचा जाण्याच्या धास्तीतून आले. डीव्हीडी १९९६ मध्ये जपानमध्ये आली तेव्हा चित्रपट अमेरिकेत आधी आणि इतरत्र काही महिन्यांनी लागत. तिकडची डिस्क इकडच्या थिएटरच्या आधी पोचू नये म्हणून रीजन कोड बसवले. अमेरिका-कॅनडा १, युरोप-जपान २, असे विभाग पडले. ब्लू-रेने ते ए, बी, सी असे तीनवर आणले आणि ४के अल्ट्रा एचडी डिस्कवर ते राहिलेच नाहीत. एचडीसीपी हे एचडीएमआय तारेवरची नक्कल रोखणारं कुलूप इंटेलने बनवलेलं. सुरुवातीला पडदा क्षणभर काळा राहतो तेव्हा प्लेयर टीव्हीची ओळख पटवून घेत असतो. लाल-हिरव्या-निळ्या कॉम्पोनंट तारांचे सॉकेट नवीन प्लेयरवर का नाहीत, असा प्रश्न अनेकांना पडतो. ते तंत्राने मागे पडले म्हणून गेले असं नाही. ब्लू-रेच्या एएसीएस या कुलपाच्या परवान्यातच तारखा होत्या : २०१० नंतर बनलेल्या प्लेयरने ॲनालॉग तारेवर हाय डेफिनिशन द्यायचं नाही, आणि २०१३ नंतर ॲनालॉग चित्रच द्यायचं नाही. सुस्थितीतल्या टीव्हीच्या मालकांवर तो सरळ अन्याय होता.

नेटवर्कचा भाग डिस्क प्लेयरमध्ये उशिरा शिरला. तारेच्या नेटवर्कचं तंत्र इथरनेट १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत जन्मलं, चार आकड्यांचा आयपी पत्ता १९८१च्या मानकातला, आणि तो पत्ता आपोआप वाटून देणारं डीएचसीपी १९९३चं. मेनूतलं ‘ऑटो’ म्हणजे हेच डीएचसीपी. ब्लू-रेचा प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडी याने पहिल्यापासून प्रत्येक प्लेयरला नेटवर्क सक्तीचं केलं होतं. ब्लू-रेने तसं केलं नाही आणि मग टप्प्याटप्प्याने बोनसव्ह्यू (छोट्या चौकटीतलं जादा चित्र) आणि बीडी-लाइव्ह (इंटरनेटवरून जादा मजकूर) असे प्रोफाइल, म्हणजे सुविधांचे टप्पे आणले. बीडी-लाइव्हला किमान १ जीबी जागा लागते. अनेक कंपन्यांनी ती आत न देता यूएसबी पोर्टवर ढकलली, म्हणून काही प्लेयरमध्ये पेनड्राइव्ह लावल्याशिवाय ते चालतच नाही.

डीएलएनए ही संघटना सोनी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आदींनी २००३ मध्ये काढली. घरातल्या कॉम्प्युटरवरचे फोटो, गाणी, व्हिडिओ कुठल्याही कंपनीच्या टीव्हीवर दिसावेत, हा चांगला हेतू. पण सक्तीचे फाइल प्रकार अगदी मोजके ठेवले, चित्रपटासाठी डीव्हीडीच्या काळातला एमपीईजी-२. बाकी सगळं कंपनीच्या मर्जीवर. त्यामुळे सर्व्हर दिसतो, फाइलचं नाव दिसतं आणि उघडायला गेलं की ‘फाइल चालत नाही’. २०१७ मध्ये संघटना गुंडाळली गेली, तरी तिची पद्धत अनेक प्लेयर आणि मीडिया सर्व्हर अजून वापरतात.

बीडी-लाइव्हचे सर्व्हर स्टुडिओंनी एकेक करून बंद केले. पण नेटवर्कचं सॉकेट निरुपयोगी झालेलं नाही. एएसीएसच्या किल्ल्या ठरावीक काळाने बदलतात, आणि जुन्या फर्मवेअरच्या (आतल्या सॉफ्टवेअरच्या) प्लेयरमध्ये नवी डिस्क घातली की ती चालायलाच नकार देऊ शकते. अशा वेळी डिस्क खराब म्हणून परत करण्याआधी नेटवर्क जोडून अपडेट तपासावा. कंपनी अजून अपडेट देत असेल तर बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.