ऑर्थोडॉन्टिक उपचार

वेडेवाकडे, एकावर एक चढलेले, पुढे आलेले किंवा फटी पडलेले दात जागेवर आणणारी आणि वरच्या-खालच्या जबड्यांचा मेळ बसवणारी दंतवैद्यकाची शाखा म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्स. ग्रीक भाषेत ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ आणि ‘ओडूस’ म्हणजे दात. बोलण्यात मात्र ‘दातांना तार लावणे’ हेच नाव रूढ आहे, आणि तारेशिवायचे उपचार आले तरी ते टिकून आहे. लोक बहुतेक वेळा दिसण्यासाठी येतात. पण घास नीट न चावला जाणे, पुढे आलेले दात पडल्या-धडपडल्यावर तुटणे, खालच्या दातांनी टाळूला इजा होणे, दाटीत ब्रश न पोहोचणे ही कारणेही तितकीच खरी आहेत.

दात सरकतो कसा : भिंतीत खिळा ठोकावा तसा दात हाडात ठोकलेला नसतो. त्याचे मूळ आणि भोवतीचे हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो आणि दात त्यात टांगल्यासारखा असतो. दातावर हलका पण सततचा दाब दिला की पुढच्या बाजूचा पडदा दबतो. तिथे हाड विरघळवणाऱ्या पेशी गोळा होतात. मागच्या बाजूला तंतू ताणले जातात आणि तिथे दुसऱ्या पेशी नवे हाड घालतात. म्हणजे दात हाड फोडत पुढे जात नाही, त्याची खोबणच सरकत जाते.

जोर वाढवला की काम लवकर उरकेल असे कोणालाही वाटते. होते नेमके उलटे. दाब फार झाला तर पडद्यातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या चेपतात, तेवढा भाग निर्जीव होतो आणि दात काही आठवडे जागचा हलत नाही. दाबाच्या बाजूचे हाड आतल्या अंगाने पोखरले जाईल तेव्हा तो सुटतो. तोवर वेळ गेलेला असतो, दुखणे वाढलेले असते आणि मुळाचे टोक झिजण्याचा धोकाही. १९३२ मध्ये श्वार्ट्झ यांनी योग्य दाब दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम असावा असे मांडले होते. आकड्यावर पुढे वाद झाले, पण ‘हलका आणि सतत’ हे सूत्र कायम राहिले. सगळे जमून आले तर दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो. उपचाराला दीड-दोन वर्षे का लागतात, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

निदान आणि एक जुना वाद : अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये केलेले वर्गीकरण आजही वापरात आहे. त्याचा आधार सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली कायमची दाढ. वरच्या दाढेचा गालाकडचा पुढचा उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेत बरोबर बसला, आणि तरी दात वाकडे असले, तर पहिला वर्ग. खालची दाढ मागे राहिली तर दुसरा, पुढे गेली तर तिसरा. पण दाढांवरून जबड्याच्या हाडांचे सगळे कळत नाही. त्यासाठी डोके ठरावीक स्थितीत धरून बाजूने एक्स-रे काढतात. ही पद्धत १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी स्वतंत्रपणे मांडली.

सरळ करण्यासाठी चांगले दात काढावेत का, हा प्रश्न पालकांना आजही टोचतो. अँगल यांचा याला सक्त विरोध होता; सगळे दात ठेवूनच उत्तम चर्वण साधते असे ते मानत. दंतवैद्य कॅल्व्हिन केस यांनी त्यांच्या मताला जाहीर आव्हान दिले. गंमत अशी, की अँगल यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी पुढे आपल्याच काही रुग्णांच्या चार उपदाढा काढून फेरउपचार केले आणि ही पद्धत प्रतिष्ठित केली. नंतर लंबक पुन्हा थोडा मागे आला. आज दाटी किती, ओठ किती पुढे, हाडाला जागा किती हे पाहून ठरवतात. थोडीच जागा हवी असेल तर दातांच्या कडा किंचित घासूनही भागते. ‘आम्ही कधीच दात काढत नाही’ असे सांगणाऱ्याविषयी सावध राहिलेले बरे.

स्थिर ब्रेसेस : पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूची पट्टी बसवावी लागे. १९५५ मध्ये ब्युओनोकोर यांनी दाताचे कवच आम्लाने खरखरीत केल्यास त्यावर प्लास्टिक चिकटते हे दाखवले आणि पट्ट्यांचा काळ सरू लागला. आज दात कोरडा करून त्यावर आम्लाची जेल लावतात, अर्ध्या मिनिटाने धुतात. वाळल्यावर तेवढा भाग खडूसारखा पांढरा दिसतो. त्यावर ब्रॅकेट, म्हणजे तार धरणारा खाचेचा छोटा तुकडा, टेकवून निळ्या प्रकाशाने चिकटद्रव्य घट्ट करतात. मग ब्रॅकेटच्या खाचेत तार घालून बारीक रबरी कडीने अडकवतात. पहिली तार बहुधा निकेल-टायटॅनियमची असते. वाकड्या दातांत ती वाकून बसते आणि मूळ आकारात येता येता दातांना ओढून नेते. पहिले दोन-तीन दिवस चावताना दुखते. गालाला ब्रॅकेट घासला तर त्यावर मेणाची गोळी दाबायची.

खाच साधारण अर्ध्या मिलिमीटरची. चौकोनी तार तिच्यात बसली की दाताचे मूळही वळवता येते; ही अँगल यांची शेवटची मोठी देणगी. १९७० च्या दशकात लॉरेन्स अँड्र्यूज यांनी प्रत्येक दाताचा कल ब्रॅकेटमध्येच घडवला, त्यामुळे तार वाकवण्याचे कष्ट कमी झाले. दाताच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट कमी दिसतात पण ठिसूळ असतात. जिभेकडून लावायचे ब्रॅकेट मुळीच दिसत नाहीत, मात्र सुरुवातीला उच्चार बिघडवतात. रबरी कडीशिवाय तार धरणारे, स्वतःच बंद होणारे ब्रॅकेट उपचार लवकर संपवतात ही जाहिरात अभ्यासांत टिकलेली नाही.

अलाइनर : पारदर्शक साच्यांची मालिका. प्रत्येक साचा दाताला जास्तीत जास्त पाव मिलिमीटर हलवतो, एक-दोन आठवड्यांनी पुढचा घालायचा. १९९७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने संगणकाच्या मदतीने ही पद्धत बाजारात आणली. खाताना काढता येतात, हा त्यांचा मोठा गुण आणि तोच दोष. दिवसातून २० ते २२ तास ते तोंडात हवेत; डबीत पडलेला साचा काही करत नाही. गोलाकार सुळे किंवा उपदाढा फिरवणे, दात खाली ओढणे ही कामे त्यांना जड जातात, म्हणून दातांवर त्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात. घरी माप घेऊन टपालाने मागवलेल्या साच्यांत हिरडीचा आजार किंवा हाडातला अडकलेला दात कोणीच पाहिलेला नसतो.

वाढत्या वयातले उपचार : पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करावी असा सल्ला दिला जातो, त्याचा अर्थ सातव्या वर्षी तार लावणे असा नाही. टाळू अरुंद असेल तर तिला मधोमध स्क्रू असलेले साधन बसवतात आणि पालक रोज किल्लीने पाव फेरा देतात. काही दिवसांत वरच्या दोन पटाशीच्या दातांत मोठी फट दिसते. घरचे घाबरतात, पण टाळूची शिवण उघडल्याची तीच खूण असते. खालचा जबडा मागे असलेल्या मुलांना तो पुढे धरून ठेवणारी साधने देतात. वाढ संपल्यावर हाडांतला मोठा फरक दुरुस्त करायला शस्त्रक्रियाच लागते. नुसते दात सरकवायला मात्र वयाची अट नाही, हिरड्या आणि हाड निरोगी हवे.

धोके : ब्रॅकेटभोवती घाण साचली तर कवचातले क्षार निघून पांढरे डाग पडतात आणि ब्रेसेस काढल्यावरही दिसत राहतात. हिरड्या सुजतात. मुळे थोडी आखूड होणे नेहमीचे आहे, जास्त झिजणे विरळा.

दात टिकवणे : ब्रेसेस काढल्याच्या दिवशी उपचार संपला असे वाटते, पण हिरडीतले ताणलेले तंतू दाताला जुन्या जागी ओढत असतात आणि ते नव्याने बसायला वर्षभरही लागू शकते. म्हणून रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारे साधन. तार आणि ॲक्रिलिकचा हॉले रिटेनर जुना आणि मजबूत, पारदर्शक साचा कमी दिसणारा. दातांच्या आतून चिकटवलेली बारीक तार विसरता येत नाही, पण तिच्याखाली कीटण जमते. ज्यांनी कधीच उपचार घेतले नाहीत त्यांचेही खालचे पुढचे दात वयाबरोबर दाटतात. याचा दोष अक्कलदाढेवर टाकण्याची सवय आहे, अभ्यासांतून त्याला पुरेसा आधार मिळालेला नाही. बरेच महिने न घातलेला रिटेनर घट्ट लागला तर दात हललेले असतात. तो बसतच नसेल तर दाबून घालू नये, नव्याने माप द्यावे.