दृष्टिदोषाचा दाखला हवाय? आधी चष्म्याचा नंबर नीट काढून घ्या

‘माझा नंबर मायनस नऊ आहे, अपंगत्वाचा दाखला मिळेल ना?’ चष्म्याच्या दुकानात हा प्रश्न हटकून ऐकू येतो. नंबर कितीही मोठा असो, चष्मा लावून दिसत असेल तर दाखला मिळत नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृष्टी मोजायची ती शक्य तितका चांगला चष्मा लावून, आणि दोन्हींपैकी चांगल्या डोळ्याची. चांगल्या डोळ्याने चष्म्यासह 6/18 किंवा त्याखालच्या, आणखी बारीक अक्षरांच्या ओळी वाचता आल्या, तर दाखला देणाऱ्या सरकारी वैद्यकीय बोर्डापुढे फारसे काही हाती लागत नाही.

6/60 म्हणजे काय, हे एकदा समजून घेतले की पुढचे सोपे जाते. निरोगी डोळ्याला 60 मीटरवरून दिसणारे अक्षर तुम्हाला 6 मीटरवर आल्यावरच दिसते. चांगला डोळा 6/24 ते 6/60 मध्ये आणि दुसराही तसाच असेल, तर 40 टक्के धरतात. बहुतेक सवलतींची सुरुवात इथूनच. एक डोळा पूर्ण गेला पण दुसरा ठणठणीत असेल, तर मात्र 30 टक्केच. हे ऐकून माणसे दुखावतात, आणि त्यात नवल नाही. एका डोळ्याने स्कूटर चालवताना अंतराचा अंदाज चुकतो हे त्यांनाच ठाऊक. पण टक्के ठरवायच्या सरकारी कोष्टकात तसे लिहिले आहे. रंगांधळेपणाला यात टक्के नाहीत.

काचबिंदूच्या रुग्णांसाठी एक वेगळी गोष्ट. तक्ता वाचता येतो, पण कडेचे काही दिसत नाही, वाटेतली पायरी चुकते. अशांची नजर क्षेत्रावरून, म्हणजे समोर बघताना कडेपर्यंत किती दिसते यावरून मोजतात. चांगल्या डोळ्याचे क्षेत्र 40 अंशांपेक्षा कमी असेल तर ते अल्पदृष्टीत येते, 10 अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्वात. म्हणून ‘फील्ड टेस्ट’चा ताजा अहवाल सोबत न्याच. मधुमेहाने पडदा खराब झाला असेल, तर त्याच्या उपचारांचे कागदही. मोतीबिंदू असेल तर आधी शस्त्रक्रिया करा असेच सांगतील. बऱ्या होणाऱ्या आजारावर कायमचा दाखला कोणी देणार नाही.

आता अर्ज. दुकानातला ऑप्टोमेट्रिस्ट नंबर काढून देईल, कमी दृष्टीच्या भिंगांबद्दलही सांगेल, पण दाखल्यावर सही सरकारी वैद्यकीय बोर्डाचीच लागते. गोव्यात नेत्रतपासणीची सोय बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात), म्हापशाला आझिलो इस्पितळात आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळात आहे. काणकोण, पेडण्यासारख्या टोकाच्या तालुक्यांतल्यांनी आधी जवळच्या आरोग्य केंद्रात विचारून निघावे, उगाच हेलपाटा नको.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा, शुल्क नाही. आधार, पत्त्याचा पुरावा, अलीकडचा फोटो, सही किंवा अंगठा, आणि डोळ्यांचे जुने अहवाल एवढे तयार ठेवा. भाड्याच्या घरात राहत असाल तर आधारवरचा पत्ता आधी बदलून घ्या. अर्जातला पत्ता एक आणि आधारवरचा दुसरा, यावरून अर्ज अडकलेले पाहिलेत. नाव आधारवर जसे आहे तसेच, अक्षरशः तसेच. ‘नाईक’ आणि ‘नायक’मध्येही अडकते. इंटरनेटची सवय नसेल तर शेजारच्या शिकलेल्या पोराकडून भरून घ्या, मात्र मोबाईल क्रमांक स्वतःचाच द्या, निरोप त्यावरच येतात. तपासणीचे इस्पितळ पोर्टलवरच निवडायचे असते.

तपासणीच्या दिवशी डोळ्यांत थेंब घालतात, काही तास अंधुक दिसते. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, सोबत कोणी घ्या. सध्याचा चष्मा आणि जुना असेल तर तोही न्या. मुद्दाम कमी वाचायचे नाटक करू नका. पडदा, नस आणि क्षेत्राच्या चाचण्यांशी ते जुळत नाही आणि डॉक्टरांना लगेच कळते.

दाखला मंजूर झाला की युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र येते : 40 टक्क्यांखाली पांढरे, 40 ते 79 पिवळे, 80 पासून निळे. सगळ्यांना सगळे मिळत नाही. सरकारी नोकरीतल्या राखीव जागा 40 टक्क्यांपासून. रेल्वेची सवलत मात्र पूर्ण अंधत्व असणाऱ्यांनाच. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत 75,000 रुपयांची वजावट आहे, 80 टक्क्यांपासून 1,25,000.

टक्के कमी लागले असे वाटले, तर अपील करता येते. निर्णयाच्या तारखेपासून 90 दिवस मोजा, आणि तो निर्णय लेखीच मागून घ्या.