टीडीआर : तीन अक्षरांमागचा वाद

डिसेंबर २०११ मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयातील डॉक्टरांचे छोटेसे पत्र एका परदेशी वैद्यकीय नियतकालिकात आले. चार रुग्णांच्या थुंकीतले क्षयजंतू पहिल्या आणि दुसऱ्या फळीतील, तपासलेल्या १२ औषधांपैकी एकालाही दाद देत नव्हते. त्यासाठी पत्रात शब्द होता ‘टोटली ड्रग रेझिस्टंट’, म्हणजे टीडीआर. जानेवारी उजाडला तसे अशा रुग्णांची संख्या १२ असल्याचे वर्तमानपत्रांत आले, केंद्राचे पथक मुंबईत उतरले आणि सरकारने हा शब्द दिशाभूल करणारा असल्याचे जाहीर केले. असा प्रकार कोणत्याही मान्य व्याख्येत नाही, हे रुग्ण एक्सडीआर (मान्य व्याख्यांतली सर्वांत वरची पायरी) समजावेत, असे सरकारचे म्हणणे होते.

शब्द मुंबईत जन्मला नव्हता. २००७ मध्ये इटलीतून आणि २००९ मध्ये इराणमधून याच अर्थाची वर्णने आली होती. त्याआधीच्या दोन पायऱ्या मात्र व्याख्येत बसवलेल्या होत्या. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन ही पहिल्या फळीतली दोन्ही मुख्य औषधे निकामी ठरली की एमडीआर. त्यात एखादे फ्लुरोक्विनोलोन (प्रतिजैविकांचा एक गट) आणि कॅनामायसिन, अमिकासिन, कॅप्रिओमायसिन यांपैकी किमान एक इंजेक्शन निकामी ठरले की एक्सडीआर. ही व्याख्या २००६ ची. टीडीआर ही त्याच्या वरची पायरी वाटते, पण अडचण ‘टोटली’ या शब्दात होती.

जंतू औषधाला दाद देतो की नाही, हे प्रयोगशाळेत ठरते ते एका प्रमाणावरून. औषध घातलेल्या आणि औषध नसलेल्या माध्यमात तेच जंतू वाढवायचे. औषध असतानाही एक टक्का किंवा त्याहून जास्त जंतू वाढले तर नमुना ‘रेझिस्टंट’. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिनला ही पद्धत भक्कम आहे, फ्लुरोक्विनोलोन आणि इंजेक्शनांना बऱ्यापैकी. इथिओनामाइड, सायक्लोसेरीन आणि पास (पॅरा-अमिनोसॅलिसिलिक अ‍ॅसिड) या दुसऱ्या फळीतल्या औषधांना मात्र ती डळमळीत आहे. अंड्याचे माध्यम ८० ते ८५ अंशांवर तापवून घट्ट करावे लागते आणि त्या उष्णतेत इथिओनामाइडचा काही भाग नासतो. सायक्लोसेरीन माध्यमात हळूहळू विघटित होते, आणि वाढ दिसायला तर आठवडे लागतात. दाद देणारा जंतू आणि न देणारा जंतू यांच्यातली सीमाही या औषधांत पुसट आहे. त्यामुळे एकाच नमुन्याचा निकाल दोन प्रयोगशाळांत वेगळा येऊ शकतो, आणि निकाल व रुग्णाचे बरे होणे यांचा मेळ नेहमी बसत नाही. शिवाय लिनेझोलिड, क्लोफॅझिमिन यांसारखी औषधे त्या १२ च्या यादीबाहेर होती. दुसऱ्या फळीच्या चाचण्यांसाठी संबंधित प्रयोगशाळेला सरकारी कार्यक्रमाची मान्यता नव्हती, हा मुद्दाही पुढे आणला गेला.

मार्च २०१२ मध्ये जिनिव्हात तज्ज्ञांची बैठक झाली. नवी व्याख्या करण्याइतका पुरावा नाही, असा तिचा निष्कर्ष होता. शास्त्र म्हणून तो बरोबरच होता. ‘काहीच चालत नाही’ असे लेबल लागलेल्या रुग्णाला वॉर्डात कोण घेणार आणि कोण उपचार करत राहणार, ही भीतीही खोटी नव्हती. पण सारी चर्चा एका विशेषणाभोवती फिरत राहिली आणि त्याच पत्रातली अधिक गंभीर माहिती मागे पडली, याचे दुःख आजही आहे. चारपैकी तीन रुग्ण दीड वर्षात सरासरी चार खासगी डॉक्टरांकडे फिरले होते. दुसऱ्या फळीची औषधे त्यांना देखरेखीशिवाय, एकेक करून आणि बऱ्याचदा चुकीच्या मात्रेत मिळाली होती.

‘एकेक करून’ हे दोन शब्द सर्वांत घातक आहेत. फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी किंवा त्याहून अधिक जंतू असतात. आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एक असा आपोआप तयार होतो; म्हणजे उपचार सुरू होण्यापूर्वीच असे शंभर हजर असतात. रिफॅम्पिसिनसाठी हे प्रमाण सुमारे दहा कोटींत एक आहे. दोन्ही औषधांतून सुटणारा जंतू जवळपास अशक्य, म्हणून औषधे एकत्र द्यायची. उपचार फसत असताना एकच नवे औषध जोडले, तर जुनी औषधे नावापुरती उरतात आणि नव्याला एकट्याने लढावे लागते. दोन-तीन महिन्यांत तेही जाते. हे १९४८ मध्येच स्ट्रेप्टोमायसिनच्या पहिल्या मोठ्या चाचणीने दाखवले होते. एकट्या औषधावर सुरुवातीला सुधारलेले अनेक रुग्ण पुढे पुन्हा खालावले.

मुंबईत हा धडा चिठ्ठीपर्यंत पोहोचला नव्हता. १९९१ च्या पाहणीत झोपडपट्टीत काम करणाऱ्या १०० खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० वेगवेगळ्या उपचारपद्धती लिहिल्या. २०१० मध्ये धारावी परिसरात पुन्हा पाहणी झाली तेव्हा १०६ डॉक्टरांनी ६३ पद्धती लिहिल्या आणि फक्त सहा जणांची चिठ्ठी बरोबर निघाली. एमडीआरसाठी योग्य चिठ्ठी लिहिणारे तर तीनच होते. खोकल्यावर आठवडाभर लिव्होफ्लॉक्सासिन हे फ्लुरोक्विनोलोन देऊन बघण्याची सवय वेगळीच. त्याने ताप उतरतो, निदान लांबते आणि पुढे लागणारे औषध आधीच झिजलेले असते.

दोष फक्त खासगी दवाखान्यांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. सरकारी डॉट्समध्ये (देखरेखीखाली औषधे देण्याच्या कार्यक्रमात) पहिले उपचार फसले की ‘कॅटॅगरी टू’ असे. एकूण आठ महिने, आठवड्यातून तीन दिवस औषधे. त्याच चार गोळ्यांच्या जोडीला पहिले दोन महिने फक्त स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन. वर सांगितलेली चूकच इथे नियम म्हणून छापलेली होती. एमडीआरचे उपचार २००७ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाले, पण प्रारंभी एमडीआरची चाचणी मुख्यतः कॅटॅगरी टूही फसलेल्यांचीच होई. तोवर घरातल्या माणसांना लागण होऊन जाई.

वादानंतर मात्र यंत्रणा हलली, हे मान्य करायला हवे. मे २०१२ मध्ये क्षयरुग्णाची नोंद कळवणे बंधनकारक झाले. जूनमध्ये रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षय सांगणाऱ्या फसव्या चाचण्यांवर बंदी आली. मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ ही विक्रीवर कडक नोंदीची अट असलेल्या औषधांची यादी लागू झाली. सुरुवातीला त्यात ४६ औषधे होती; तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम ही प्रतिजैविके आणि क्षयाची औषधेही त्यातच येतात. पाकिटावर लाल चौकट असते, आणि केमिस्टने डॉक्टर, रुग्ण, औषध व संख्या वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षे ठेवायची असते. जीन एक्सपर्ट या जंतूचे जनुक तपासणाऱ्या यंत्रामुळे रिफॅम्पिसिनचा निकाल दोन तासांत मिळू लागला. २०१७ मध्ये आठवड्यातून तीन दिवसांऐवजी रोज औषधे सुरू झाली.

बेडाक्विलिन हे क्षयाचे नवे औषध भारतात २०१६ मध्ये सहा केंद्रांपुरते आले. त्यांत मुंबई होती. त्यानंतर कान बधिर करणारी कॅनामायसिनची इंजेक्शने हळूहळू मागे पडली. औषधाच्या मूळ पेटंटची मुदत जुलै २०२३ मध्ये संपणार होती. ती मागल्या दाराने वाढवण्याचा अर्ज त्याच वर्षी मार्चमध्ये फेटाळला गेला. हरकत घेणाऱ्या दोघींनी स्वतः हा आजार भोगला होता. २०२४ मध्ये बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन अशा चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचारांना मान्यता मिळाली. पूर्वी हीच वाट दोन वर्षांची होती.

टीडीआर हा शब्द अधिकृत झाला नाही, पण २०२१ मध्ये एक्सडीआरची व्याख्या बदलली. इंजेक्शने त्यातून गेली आणि त्यांच्या जागी ‘बेडाक्विलिन किंवा लिनेझोलिड यांपैकी किमान एक’ अशी अट आली. बेडाक्विलिन पहिले दोन आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम आणि नंतर आठवड्यातून तीनदा २०० मिलिग्रॅम द्यायचे असते. ते शरीरातून इतके सावकाश जाते की रुग्णाने सगळी औषधे एकदम सोडली तरी ते काही महिने रेंगाळते, तेही एकटे. ते निकामी झाले का, हे जीन एक्सपर्टच्या नेहमीच्या कार्ट्रिजवर कळत नाही. त्यासाठी अजूनही कल्चर लावून (जंतू माध्यमात वाढवून) आठवडे मोजावे लागतात, किंवा जनुकक्रम वाचू शकणाऱ्या प्रयोगशाळेकडे नमुना पाठवावा लागतो.