न्यूयॉर्कमध्ये गाडीच्या काळ्या काचा: मेडिकल सूट कोणाला मिळते आणि अर्ज कसा करायचा

अमेरिकेत काळ्या काचांचा देशभर एकच नियम नाही, राज्य बदललं की आकडा बदलतो, आणि आपली बरीच मंडळी इथेच अडकतात. टेक्सासमध्ये घेतलेली गाडी नोकरीसाठी न्यूयॉर्कला आणली की तिकडे चालत होतं म्हणजे इकडेही चालेल असं धरून चालतात. टेक्सासमध्ये पुढच्या सीटच्या बाजूच्या काचांतून २५ टक्के उजेड आरपार गेला तरी पुरतं, न्यूयॉर्कला किमान ७० टक्के लागतो. भारतातला समोर-मागे ७० आणि बाजूला ५० टक्क्यांचा नियम डोक्यात असेल तर तोही इथे बाजूला ठेवा.

न्यूयॉर्कचा नियम असा: समोरची काच (वरची ६ इंचाची पट्टी सोडून) आणि पुढच्या सीटच्या दोन्ही बाजूच्या काचा ७० टक्के. सेडान असेल तर मागच्या सीटच्या बाजूच्या काचांनाही तेच, एसयूव्ही किंवा व्हॅन असेल तर त्या गडद चालतात. अगदी मागची काच गडद केली तर दोन्ही बाजूंना आरसे हवेतच.

आता खरी मेख. कंपनीतून आलेली काच मुळात शंभर टक्के पारदर्शक नसतेच, साधारण ७५ ते ८० टक्के असते. म्हणजे ७८ टक्क्यांच्या काचेवर ‘३५ ची’ (३५ टक्के उजेड सोडणारी) फिल्म लावली तर हातात येतात जेमतेम २७. दुकानदार फिल्मचा आकडा सांगतो, पोलीस मात्र काच आणि फिल्म मिळून मोजतात. २०१७ पासून वार्षिक इन्स्पेक्शनमध्येसुद्धा हे तपासतात, काच थोडी खाली करून मीटरचा एक भाग आतून, एक बाहेरून लावला की स्क्रीनवर टक्केवारी येते, तिथे वादाला जागाच राहत नाही. त्यामुळे पुढच्या काचांवर गडद फिल्म हवी असेल तर मेडिकल सूट हाच मार्ग आहे.

ही सूट कोणाला मिळते? राज्याच्या आरोग्य विभागाची आजारांची यादी आहे आणि निर्णय तिच्यावरच होतो. ल्युपस, अल्बिनिझम म्हणजे जन्मजात रंगद्रव्य नसणं, पॉर्फिरिया, डर्मॅटोमायोसायटिस, झेरोडर्मा पिगमेंटोसम, उन्हाने होणारा जुनाट त्वचाविकार, डोळ्यांच्या किंवा मेंदूच्या आजारामुळे उजेड सहन न होणं, हे सगळं त्यात येतं. एखाद्या औषधामुळे ऊन सोसत नसेल तर तेही चालतं, पण ते उपचार बराच काळ चालणार असले पाहिजेत. नुसतं ‘ऊन फार लागतं’ किंवा ‘गाडी तापते’ हे कारण धरत नाहीत.

आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं म्हणून मुद्दाम सांगतो, पेशंट स्वतः गाडी चालवणारा असायलाच हवा असं नाही. नेहमी त्या गाडीतून जाणारा माणूस पेशंट असेल तरी अर्ज करता येतो. म्हणजे आईला ल्युपस आहे आणि मुलगा तिला दर आठवड्याला दवाखान्यात नेतो, तर मुलाच्या गाडीसाठीही सूट मागता येते. ज्या घरांत असा पेशंट आहे त्यांनी ही गोष्ट अजिबात सोडू नये.

फॉर्मचं नाव एमव्ही-८०डब्ल्यू, डीएमव्हीच्या (राज्याच्या मोटार वाहन विभागाच्या) साइटवर मिळतो. तुमची माहिती तुम्ही भरायची, वैद्यकीय भाग डॉक्टरांनी. डॉक्टरांच्या म्हणण्यात चार गोष्टी स्पष्ट लागतात: सूट कशासाठी, पेशंटचं नाव, किती टक्के उजेड जाणारी काच लागते आणि कमीत कमी किती टक्क्यांपर्यंत जायचं. या टक्क्यांच्या जागा डॉक्टरांकडून रिकाम्या राहू शकतात, तेव्हा क्लिनिकमधून निघण्यापूर्वीच बघून घ्या. भरलेला फॉर्म ऑल्बनीला डीएमव्हीच्या मेडिकल रिव्ह्यू युनिटकडे जातो. मंजुरी आली की त्याची सूचना डीएमव्ही सांगेल तशी गाडीवर लावावी लागते, नुसतं डॉक्टरांचं पत्र डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून भागत नाही. आणि कृपा करून मंजुरीच्या आधी फिल्म लावू नका, टक्के जुळले नाहीत तर फिल्म काढायचाही खर्च आणि परत लावायचाही.

कॅलिफोर्नियाची पद्धत अगदी वेगळी आहे. तिथे डॉक्टरांचं सहीचं पत्र जवळ ठेवून पुढच्या बाजूच्या काचांना काढता-घालता येणारे पडदे लावता येतात, त्यांतूनही किमान ३५ टक्के उजेड जायला हवा आणि अंधार पडल्यावर ते वापरायचे नाहीत. टेक्सासमध्ये डॉक्टरांचं किंवा ऑप्टोमेट्रिस्टचं (डोळे तपासून चष्म्याचा नंबर देणाऱ्याचं) सहीचं पत्र गाडीत ठेवायचं असतं. एका राज्याचे कागद दुसरीकडे चालतील असं गृहीत धरू नका, बदली झाली की नव्या राज्याचा नियम आधी वाचा.

अर्जाआधी डॉक्टरांना एक नक्की विचारा: त्रास अतिनील किरणांचा आहे की उजेडाचाच? समोरची काच दोन थरांची असल्याने ती हे किरण बहुतेक अडवते, बाजूच्या काचांचं मात्र गाडीगणिक वेगळं असतं. नुसते अतिनील किरण अडवायचे असतील तर जवळजवळ पारदर्शक फिल्मही मिळते आणि कदाचित गडद काच लागणारच नाही. मूळ काचेवर ती लावून एकूण ७० टक्के राहत असतील तर न्यूयॉर्कमध्ये सूटही मागावी लागत नाही. उजेडानेच डोळे दुखत असतील तर मात्र गडद फिल्मशिवाय इलाज नाही, मग अर्ज कराच.

गाडी विकताना लक्षात ठेवा, सूट त्या पेशंटमुळे मिळालेली असते, ती गाडीबरोबर नव्या मालकाकडे जात नाही. विकण्यापूर्वी फिल्म काढून घ्या, किंवा घेणाऱ्याला तसं स्वच्छ सांगा.