नदी माशांनी भरलेली, तरी गळाला बंदी का?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील फ्रेझर नदीच्या काठी ऑगस्ट महिन्यात एक वाद बहुतेक वर्षी नव्याने पेटतो. समुद्रात वाढलेले सॉकाय जातीचे सॅल्मन मासे अंडी घालण्यासाठी नदीत शिरलेले असतात, चिलिवॅक गावाजवळच्या गोट्यांच्या पट्ट्यांवर उभे राहिले की गढूळ पाण्यावर उसळणारे मासे दिसतात, आणि नेमकी तेव्हाच मत्स्य विभागाची सूचना निघते की सॉकायला गळ टाकण्यास मनाई आहे. हौशी मासेमारांचे त्यावर दोन प्रश्न ठरलेले असतात. डोळ्यांना दिसतील इतके मासे असताना बंदी कशासाठी, हा पहिला. आणि आम्ही मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडणार असू तर त्यात बिघडले काय, हा दुसरा. २३ जून २०२४ रोजी नॉर्वेच्या पर्यावरण विभागाने भर हंगामात ३३ नद्या सॅल्मन मासेमारीसाठी बंद केल्या. तेथे मासेच फार कमी परतले होते, त्यामुळे पहिला प्रश्न उद्भवण्याचे कारण नव्हते. दुसरा मात्र तेथेही लागू होता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. दुसऱ्याचे उत्तर माशाच्या हृदयात दडलेले आहे आणि मला ते अधिक मोलाचे वाटते.

सॅल्मनचा जीवनक्रम, म्हणजे नदीत जन्म, समुद्रात वाढ आणि अंडी घालायला पुन्हा जन्माच्या नदीत परतणे, शाळेच्या पुस्तकातून आपल्याला माहीत असतो. आपल्या बाजारात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकला जाणारा रावस या कुळातला नाही. जवळचे उदाहरण हवे असेल तर कोकणात पहिल्या पावसाबरोबर ओढ्या-वहाळांतून वर येणारे चढणीचे मासे, रायगड-ठाण्याकडचे वलगणीचे मासे, आठवावेत. पोटात गाबोळी घेऊन प्रवाहाविरुद्ध जाण्याची ओढ दोघांतही सारखीच आहे. सॉकायचा प्रवास मात्र फार लांबचा असतो. फ्रेझर सुमारे १,३७५ किलोमीटर लांब आहे, आणि चिल्को सरोवराकडे जाणारा सॉकाय सहाशेहून अधिक किलोमीटर अंतर कापून समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर पोहोचतो. गोड्या पाण्यात शिरताच तो खाणे बंद करतो, त्याचे जठर आक्रसत जाते, आणि समुद्रात साठवलेल्या चरबीवर व पुढे स्वतःच्या स्नायूंवर तो हा प्रवास पार पाडतो. अंडी घातल्यावर तो मरतो. पुढच्या वर्षी भरपाई करण्याची संधी त्याला नसते.

फ्रेझरमधला सॉकाय हा एकच समूह नाही. वेगवेगळ्या उपनद्यांत आणि सरोवरांत जन्मलेल्या समूहांच्या फौजा नदीच्या खालच्या भागातून एकत्र जातात. ॲडम्स नदीच्या समूहाची दर चार वर्षांनी मोठी पाळी येते. २०१०, २०१४, २०१८ आणि २०२२ ही अशी वर्षे होती. त्याच सुमारास कल्टस सरोवराचा समूहही नदीत शिरतो. या समूहाला कॅनडाच्या तज्ज्ञ समितीने संकटग्रस्त ठरवले होते, तरी संरक्षणामुळे मासेमारीचे आर्थिक नुकसान होईल, असे कारण देत २००५ साली सरकारने त्याला संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली घेण्याचे नाकारले. ॲडम्सचा मासा आणि कल्टसचा मासा हातात शेजारी-शेजारी धरले तरी नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. त्यासाठी डीएनए किंवा खवल्यांवरील वलये तपासावी लागतात. लाखो माशांच्या गर्दीत दुबळ्या समूहाचे थोडे मासे मिसळलेले असतील, तर बंदी त्या थोड्यांसाठी असते. भरलेली नदी पाहून चिडणाऱ्याला ते थोडे दिसत नाहीत, एवढेच.

या हिशेबात एक आकडा असा असतो की ज्याची बाहेर फारशी चर्चा होत नाही. अंडी घालण्याच्या जागी किती मासे पोहोचले पाहिजेत, हे उद्दिष्ट ठरल्यावर व्यवस्थापक नदीचे तापमान आणि प्रवाह पाहून वाटेत किती मासे मरतील याचा अंदाज बांधतात आणि तेवढे मासे उद्दिष्टात वाढवून धरतात. पाणी जितके गरम, तितका हा वाढावा मोठा आणि मासेमारीच्या वाट्याला उरणारे मासे कमी. थोडक्यात, नदी बंद करण्याच्या निर्णयात पाण्यातला तापमापक थेट भाग घेतो. सुमारे १८ अंश सेल्सिअसच्या पुढे सॉकायचे पोहणे मंदावू लागते आणि २० अंशांच्या आसपास वाटेतील मृत्यू ठळकपणे वाढतात. हे असे का होते, ते पाहण्यासाठी हृदयाकडे वळू.

आपल्या शरीरात रक्ताची दोन चक्रे असतात. माशाच्या शरीरात एकच असते. हृदयातून निघालेले रक्त प्रथम कल्ल्यांत जाते, तेथे प्राणवायू घेते, तसेच पुढे सर्व शरीरात फिरते, आणि शेवटी हृदयात परत येते. पंगतीत सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेल्यावर बसणाऱ्या वाढप्यासारखी माशाच्या हृदयाची स्थिती असते. हृदयाच्या आतल्या बाजूची स्नायूंची जाळी स्पंजासारखी सच्छिद्र असते आणि तिला प्राणवायू मिळतो तो या परतलेल्या, जवळजवळ रिकाम्या झालेल्या रक्तातूनच. सॅल्मन कुळातील माशांना निसर्गाने एक अधिकची सोय दिली आहे. त्यांच्या हृदयाला बाहेरून घट्ट स्नायूंचा एक थर असतो आणि त्याला कल्ल्यांकडून थेट येणारी स्वतंत्र धमनी ताजे रक्त पुरवते. धबधबे चढणाऱ्या माशाला ही सोय उपयोगी पडते, पण आतल्या थराचे परावलंबित्व तिने संपत नाही.

आता गळाला लागलेला मासा पाहा. तो झटके देतो, पळतो, पुन्हा खेचला जातो. हे काम त्याचे पांढरे स्नायू करतात. त्यांत रक्तपुरवठा बेताचा असतो, त्यामुळे ते साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे शर्करेचा साठा, प्राणवायूशिवाय वापरतात आणि काही मिनिटांतच लॅक्टेट व आम्ल साचते. रक्ताची आम्लता वाढते. थकलेल्या स्नायूंतून पोटॅशियम रक्तात उतरते. आणि शरीराने प्राणवायू ओरबाडून घेतल्यामुळे परतणाऱ्या रक्तात तो फारच थोडा उरतो. हृदयाच्या स्नायूंसाठी यांतली प्रत्येक गोष्ट घातक आहे आणि येथे तिन्ही एकाच वेळी येतात. गार पाण्यात ॲड्रेनलिन हृदयाला या माऱ्यातून बऱ्याच अंशी तारून नेते. पाणी तापले की हृदयाचा त्या संप्रेरकाला मिळणारा प्रतिसादही क्षीण होतो.

तापमानाचा दुसरा फास असा की पुरवठा घटत असतानाच मागणी वाढते. १० अंश तापमानाच्या लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, २० अंशांना तो सुमारे ९.१ मिलिग्रॅमवर येतो. त्याच वेळी माशाच्या शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग वाढून विश्रांतीच्या अवस्थेतही त्याला जास्त प्राणवायू लागतो. मासा जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतो आणि नुसते जगण्यासाठी त्याला किती लागतो, या दोन आकड्यांमधले अंतर हे त्याचे खरे भांडवल असते. पोहणे, धबधबा चढणे, झुंजणे, सावरणे हे सर्व त्यातूनच करायचे असते. तापमान वाढत गेले की हृदय आधी वेगाने धडधडते, मग त्याच्या ठोक्यांची कमाल गाठली जाते, प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त वाढवण्याची क्षमता या माशात फारशी नसते, आणि पुढे ठोके चुकू लागतात. भांडवल आटत जाऊन शून्याकडे येते. एरिका एलियासन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की फ्रेझरच्या निरनिराळ्या समूहांची ही मर्यादाही निरनिराळी आहे, आणि प्रत्येकाची सोय त्याच्या पूर्वजांनी सोसलेल्या नदीला जुळणारी आहे. भर उन्हाळ्यात अवघड चढण चढणाऱ्या चिल्कोच्या माशांचे हृदय मोठ्या तापमानपट्ट्यात काम देते. ज्या समूहांचे पूर्वज शरदातल्या गार पाण्यातून थोडेसेच अंतर जात, त्यांची मर्यादा खाली आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून असे उशिरा येणारे समूह नदीच्या मुखाबाहेर काही आठवडे थांबण्याची रीत सोडून लवकर आत शिरू लागले, त्यांना न झेपणारे गरम पाणी भेटले, आणि काही वर्षी त्यांच्यातील मृत्यू प्रचंड प्रमाणात वाढले.

यापुढे आणखी एक कृती येते, ती म्हणजे फोटो. पाण्याबाहेर काढलेल्या माशाच्या कल्ल्यांतील नाजूक पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि प्राणवायूची देवाणघेवाण जवळजवळ थांबते. म्हणजे दमछाक झालेल्या जीवाचे नाकतोंड नेमके त्या क्षणी दाबले जाते. रेनबो ट्राउट या सॅल्मनच्या नातेवाईकावर फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. दमवून सोडलेल्या माशांपैकी १२ टक्के १२ तासांत मेले. दमवून ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के मेले, आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के. ज्यांना काहीच केले नव्हते, त्यांतला एकही मेला नाही. निसर्गातल्या नदीत हेच आकडे तसेच्या तसे येतील असे नाही, पण मोठ्या फोटोसाठी मासा उंच धरून ठेवणे किती महाग पडते याची कल्पना यावी.

म्हणून ‘सोडला, तो पोहत गेला, म्हणजे वाचला’ हे मला विज्ञानाच्या वेषातले भाबडेपण वाटते. पुण्य लागते म्हणून बाजारातून अर्धमेले मासे विकत घेऊन तळ्यात सोडणाऱ्या आपल्याकडच्या भाविकांनाही पाण्यात शिरणारी शेपटीच दिसते. नंतरचे बारा तास दोघांनाही दिसत नाहीत. मासा हातात धरून पाण्यात पुढे-मागे ढवळला की तो ‘ताजा’ होतो, हा समजही असाच आहे. पाणी तोंडातून कल्ल्यांकडे वाहायला हवे. मागे ओढताना ते उलटे जाते.

आता गळाच्या पद्धतीचा प्रश्न. सॉकाय समुद्रात मुख्यतः सूक्ष्म प्राण्यांवर जगतो आणि नदीत तर उपाशीच असतो, त्यामुळे आमिषाकडे तो सहसा वळत नाही. तरी फ्रेझरवर तो गळाला लागतो, त्याची युक्ती अशी. तळावरून टप्पे खात जाणारे शिशाचे वजन लावतात आणि त्यापुढे कित्येक फूट लांबीचा तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, सोडून टोकाला गळ बांधतात. प्रवाहात हा तंगूस आडवा वाहत जातो. श्वासासाठी तोंड उघडझाप करणाऱ्या माशाच्या जबड्यातून तो सरकतो, वजन पुढे ओढले जाते, तंगूस घसरत जातो आणि शेवटी गळ जबड्याच्या बाहेरच्या बाजूने रुततो. प्रांताच्या नियमांप्रमाणे तोंडाखेरीज अन्यत्र गळ रुतलेला मासा सोडून द्यावाच लागतो आणि मुद्दाम अंगात गळ खुपसून मासा ओढणे निषिद्ध आहे. सॅल्मनसाठी गळाला उलटा काटाही चालत नाही. तांत्रिकदृष्ट्या तोंडातच रुतल्यामुळे ही युक्ती नियमात बसते. माशाने काहीही निवडलेले नसते, म्हणून याला खेळ म्हणू नये, असे जुने मासेमार म्हणतात.

मला हा आक्षेप पटतो, पण वेगळ्या कारणाने. माशाची फसगत आमिषाने झाली की तंगुसाने, याने माशाला फरक पडत नाही. फरक पडतो तो निवडीचा. वाहता तंगूस वाटेतल्या कोणत्याही माशाच्या तोंडात शिरतो, मग तो पकडायला परवानगी असलेला चिनूक जातीचा सॅल्मन असो की बंदी असलेला सॉकाय. एका जागी गळ स्थिर ठेवून, पाण्यात फिरणाऱ्या आमिषाने चिनूकला खुणावण्याची पद्धत याच नदीवर चालते आणि तिला सॉकाय क्वचितच लागतो. बंदीच्या काळात निवडक पद्धतच वापरा, असे विभाग म्हणतो त्याचे मर्म येथे आहे.

‘पकडा आणि सोडा’ याविषयी सर्वांचे एकमत नाहीच. स्वित्झर्लंडच्या २००८च्या प्राणी संरक्षण अध्यादेशात सोडून देण्याच्याच इराद्याने गळ टाकायला मनाई आहे. ब्रिटिश कोलंबियात अनेकदा सोडून देणेच कायद्याने बंधनकारक असते. फ्रेझरकाठच्या अनेक आदिवासी समाजांना हा प्रकार अन्नाशी केलेला खेळ वाटतो. १९९० साली मस्क्विम समाजाच्या रोनाल्ड स्पॅरो यांच्या खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रम लावून दिला: आधी माशांचे संवर्धन, त्यानंतर आदिवासींचा अन्न आणि धार्मिक-सामाजिक गरजांसाठीचा हक्क, आणि मग व्यापारी व हौशी मासेमारी. हौशी मासेमारी आधी का थांबते, याचे कायदेशीर कारण हे आहे. माझ्या मते १९ अंशांच्या पाण्यात दिवसभरात वीस मासे दमवून सोडणाऱ्यापेक्षा परवानगीचे दोन मासे मारून घरी जाणारा नदीचे कमी नुकसान करतो, जरी फोटोंत पहिलाच अधिक दयाळू दिसला तरी.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील मिरामिशी नदीत अटलांटिक सॅल्मनसाठी याच शरीरशास्त्रावर बेतलेला नियम चालतो. पाण्याचे किमान तापमान सलग दोन दिवस २० अंशांखाली उतरले नाही, की मासे गारव्यासाठी जेथे गोळा होतात ते थंड झऱ्यांचे डोह गळासाठी बंद केले जातात. मोजमाप दुपारच्या कमाल तापमानाचे न धरता किमान तापमानाचे धरले आहे, कारण दिवसभरात साचलेली प्राणवायूची उधारी मासा फेडतो ती रात्रीच्या गारव्यात, आणि रात्रही तापलेलीच राहिली तर सकाळी गळाला लागणारा मासा आदल्या दिवसाचे देणे अंगावर घेऊनच झुंजत असतो.