‘सप्लाय कमी झालाय’ म्हणजे नेमकं काय? डोळ्याच्या अँजिओग्राफीची पार्श्वभूमी

मुंबईत डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) कुठल्याही ओपीडीबाहेर थेंब टाकून, डोळे मिटून बसलेली शुगरवाली मंडळी दिसतात. त्यातल्या एखाद्याला आत ‘अँजिओग्राफी करू’ म्हटलं की बाहेर येऊन तो बायकोला पहिलं काय सांगतो, तर ‘अगं, हार्टचं काहीतरी निघालं बहुतेक’. तसं त्याचं अगदीच चुकत नाही म्हणा, कारण १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या दोन मेडिकल स्टुडंट्सनी हातातल्या शिरेत फ्लुरोसिन नावाचा रंग (डाय) टोचून पडद्याचे फोटो काढायची पद्धत बसवली तेव्हा डोळ्यांच्या जर्नलनी पेपर परत पाठवला आणि शेवटी तो छापला हृदय-रक्ताभिसरणाच्या जर्नलने!

मग कित्येक वर्षं या डायच्या अँजिओग्राफीचं, म्हणजे एफएफएचंच राज्य. डाय दहा-पंधरा सेकंदात डोळ्यात पोचतो, बारीक केशवाहिन्या बंद पडल्यात तो भाग फोटोत काळा राहतो. वर मळमळ, क्वचित जोरदार अ‍ॅलर्जी आणि दिवसभर लघवी पिवळीधमक. फिल्मच्या काळात तर रोल धुऊन येईपर्यंत फोटो हललाय का तेही कळायचं नाही. ३० अंशांचे ७ फोटो काढले तरी कडेचा पडदा सुटायचाच, २००० नंतर २०० अंशांचे कॅमेरे आले तेव्हा कडेला किती काळं असतं ते नीट दिसायला लागलं.

खरी गोची शब्दात आहे. रिपोर्टवर कोणी ‘इस्केमिया’ लिहितं, कोणी ‘नॉन-परफ्यूजन’ (म्हणजे रक्त न पोचणं), आणि पेशंटला दोन्हीचं मराठी एकच मिळतं, सप्लाय कमी झालाय. पण इस्केमिया म्हणजे तिथल्या पेशींची उपासमार, ती फोटोत थेट दिसत नाही, दिसतं ते फक्त डाय पोचला नाही एवढंच, आणि कधीकधी तेही नाही कारण वर रक्त साचलं असेल तरी खालचं काळंच दिसतं. माझ्या मते इस्केमिया हा शब्द फारच सढळ हाताने वापरला जातो.

साधारण २०१५ च्या पुढे ओसीटी अँजिओग्राफी आली, म्हणजे नुसत्या प्रकाशाने पडद्याचा स्कॅन, सुई नाही, डाय नाही. तीच जागा लागोपाठ स्कॅन करायची, सिग्नल बदलला तर रक्त हलतंय, नाही बदलला तर काळं. म्हणजे फार हळू वाहणारं रक्त इथे ‘नाहीच’ ठरतं, आणि वाहिन्यांतून होणारी गळती तर दिसतच नाही. तरी ‘बिनाडायची अँजिओग्राफी’ म्हणून ती अशी खपवतात जणू तेच चित्र फुकटात मिळालं. एकाच डोळ्यात डायने राखाडी दाखवलेली जागा इथे चक्क काळी येऊ शकते, आणि मग पेशंट दोन्ही प्रिंट शेजारी ठेवून विचारतो, डॉक्टर, वाढलं का हो?